तुम्ही नेमकं कुणाचं कव्हर करताय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा बँड, कॉलेजच्या निरोप समारंभात 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' करायचं ठरलंय. व्हिटनी ह्यूस्टनसारखं जमणार नाही म्हणून गायिका धास्तावली आहे. गिटारवाला म्हणतो, मूळ गाणं डॉली पार्टनचं, तेच करू. कीबोर्डवाल्याला 'काहीतरी वेगळं' हवंय. आणि या भांडणातून विचारलंय की, एखादं गाणं एकामागून एक कव्हर होत जातं, म्हणजे दुसरे कुणी ते पुन्हा गात जातात, तेव्हा त्यात नक्की काय बदलतं, आणि आपण किती बदललेलं चालतं?

मी अरेंजर आहे, म्हणजे गाण्यात कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते बांधून देणारा. सुरुवात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवण्यापासून झाली, आता इतरांसाठी लिहून देतो. त्यामुळे दुसऱ्यांची गाणी पुन्हा उभी करणं हेच पोटापाण्याचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, 'किती बदलायचं' हा नंतरचा प्रश्न. त्याआधी तुम्ही कुठून निघताय ते बघायला हवं. कव्हर करणारा फार क्वचित मूळ गाण्यापासून निघतो. त्याच्या कानात मधल्या कुणाची तरी आवृत्ती बसलेली असते. त्या मधल्या माणसाने स्वतःच्या गळ्यासाठी, स्वतःच्या प्रसंगासाठी काही फेरफार केलेले असतात, आणि पुढच्याला ते फेरफार म्हणजेच गाणं वाटतं. तुमच्या बँडमधल्या भांडणाचं मूळ तिथे आहे. तिघांच्या कानात तीन वेगळी गाणी वाजताहेत.

हे सगळं प्रसंगावर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. हॉटेलात कुणी पैसे मोजून व्हिटनीचं गाणं मागितलं असेल तर व्हिटनीचंच द्यायचं, तिथे आपली प्रतिभा पाजळायची नाही. ऑर्केस्ट्रातही तेच. जुन्या गाण्याचा व्हायोलिनचा पीस एका स्वराने इकडचा तिकडे झाला तरी तिसऱ्या रांगेतले काका मान हलवायचे थांबतात. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजने व्हर्जन कॅसेटींचा, म्हणजे जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या कॅसेटींचा, जो धंदा उभा केला, त्याचा पायाच मुळी मूळ रेकॉर्डच्या शक्य तितकं जवळ जाणं हा होता. अशी हुबेहूब नक्कल हलकी कला आहे असं मला अजिबात वाटत नाही, ती फार अवघड आहे. पण तुमच्यावर तशी कुणाची सक्ती नाही, म्हणून पुढचं लिहितो.

आता हे गाणं. डॉली पार्टन 1967 पासून पोर्टर वॅगनर या नावाजलेल्या कंट्री गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात होती. त्याने तिला लोकांसमोर आणलं, तिच्याबरोबर युगुलगीतं गायली. पुढे ती स्वतःच्या वाटेने जायला निघाली तेव्हा तो सोडायला तयार होईना. वाद घालून काही निष्पन्न होत नाही म्हटल्यावर तिने 1973 मध्ये हे गाणं लिहिलं आणि त्यालाच ऐकवलं. म्हणजे प्रियकर-प्रेयसीच्या ताटातुटीचं हे गाणं नव्हे. ज्याने हात धरून पुढे आणलं त्याचा निरोप घेणाऱ्या मुलीचं आहे. मी थांबले तर तुमच्या वाटेत येईन, म्हणून निघते, असा त्याचा भाव. तुमचा कार्यक्रम कुठला आहे ते आठवा, त्यावर पुढे येतो.

त्याच वर्षी नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये ते रेकॉर्ड झालं आणि 1974 मध्ये अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून एकदा नीट ऐका. तीन मिनिटांच्या आत संपतं. वाद्यं मोजकी. आवाज सगळा वेळ आवरून धरलेला. आणि शेवटचं कडवं, ज्यात ती त्याला आयुष्याबद्दलच्या शुभेच्छा देते, ते ती गात नाही, चक्क बोलते. मध्येच बोलण्याची ही पद्धत कंट्री संगीतात जुनी आहे. पण इथे तिने काय साधलंय बघा. दोन कडवी गाऊन झाली की कुठलंही गाणं चढायला लागतं. हे गाणं नेमकं तिथे उतरतं. चाल बाजूला होते आणि समोर बसून बोलणारं माणूस ऐकू येतं. शेवटचा मुखडा त्या बोलण्यातून उठतो, म्हणून आवाज न वाढवताही तो जड वाटतो.

1975 मध्ये लिंडा रॉनस्टॅटने हे गाणं आपल्या 'प्रिझनर इन डिसगाइज' या अल्बममध्ये घेतलं आणि ते बोललेलं कडवंच गाळलं. अरेंजर म्हणून मला याचं नवल वाटत नाही. बोललेलं कडवं कंट्रीच्या श्रोत्याला घरचं असतं, बाहेरच्याला ते नाटकी वाटू शकतं. शिवाय एवढा मोकळा गळा समोर असताना त्याला बोलायला कोण लावेल? पण एक कडवं गेल्यावर गाण्याचा आकारच बदलला. उतरण्याची जागा गेली, उरलं ते सरळ भावगीत. तेही सुंदर आहे, पण वेगळं.

पुढे 1992. 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन आधी दुसरंच गाणं म्हणणार होती. ते दुसऱ्या एका चित्रपटात वापरलं गेलं आणि पर्याय शोधावा लागला, तेव्हा सहकलाकार आणि निर्माता केव्हिन कॉस्टनरने हे गाणं पुढे केलं. पण पुढे केलं ते रॉनस्टॅटचं रेकॉर्डिंग. संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर त्याच्यावरूनच काम करत होता. डॉली पार्टनशी बोलणं झालं तेव्हा तिने सांगितलं की त्या रेकॉर्डमध्ये एक कडवं नाहीच, आणि मग ते तिच्याकडून फोनवर घेतलं गेलं. हा प्रसंग मी शिकवताना नेहमी सांगतो. चित्रपटसृष्टीतली एवढी मोठी माणसं, हाताशी सगळी साधनं, तरी ती मूळ गाण्यापासून निघाली नव्हती. मधल्या माणसाने गाळलेलं कडवं त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं. गाणं लिहिणारी बाई फोनवर आली नसती तर ते कडवं बहुतेक सगळ्या जगाच्या कानातून कायमचं गेलं असतं.

आता त्या परत आलेल्या कडव्याचं काय झालं ते ऐका, कारण खरी गंमत तिथे आहे. ते परत आलं, पण बोललं गेलं नाही, गायलं गेलं. त्याच्या आधी कर्क व्हेलमचा सॅक्सोफोनचा पीस आहे. कडवं संपतं, क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एक दणका बसतो, आणि मुखडा एक पूर्ण स्वर वर सुरू होतो. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर सफेद सहा पट्टीवरून सफेद सात. डॉलीच्या रेकॉर्डमध्ये जे कडवं गाणं खाली आणत होतं, तेच इथे वर चढण्याआधीची शेवटची पायरी झालं. शब्द तेच, क्रम तोच, पण काम बरोबर उलटं. कव्हरमधला बदल म्हटलं की लोकांना वाद्यं आणि ठेका आठवतो. मला विचाराल तर असा बदल त्याहून खोल असतो, कारण तो श्रोत्याला कळत नाही पण पोचतो.

सुरुवातीचं पाऊण मिनिटभर साथीशिवाय गायलेलं कडवं, ही कॉस्टनरची कल्पना. चित्रपटातल्या प्रसंगासाठी त्याला तसं हवं होतं. डॉली पार्टनने नंतर सांगितलंय की गाडी चालवताना रेडिओवर हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मुखडा येईपर्यंत हे आपलंच गाणं आहे हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आल्यावर गाडी बाजूला घ्यावी लागली. साथ काढून घेतली की सोबत कंट्रीचा रंगही निघून जातो, उरतो फक्त गळा. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच चित्रपटात एका बारमध्ये दोघं नाचतात, तेव्हा मागे हेच गाणं कंट्री ढंगात वाजतं, जॉन डो या गायकाच्या आवाजात. एकाच चित्रपटात एका गाण्याची दोन रूपं आहेत आणि बऱ्याच जणांना पहिल्याचा पत्ताच नसतो.

1992 नंतरची कव्हरं मात्र मला कंटाळवाणी वाटतात. स्पर्धांमधून, रिअ‍ॅलिटी शोमधून हे गाणं गाणारे जवळपास सगळे व्हिटनीपासून निघतात आणि तिच्या तीनच गोष्टी उचलतात: साथीशिवाय सुरुवात, दणक्याआधीची शांतता, वरची पट्टी. उचलायला सोप्या गोष्टी आहेत, कागदावर लिहिता येतात. 'मी' या एका शब्दावर तिने घेतलेली हरकत तिच्या श्वासाला, तिच्या चर्चमधल्या तालमीला धरून आलेली होती. आता ती स्वरलिपी असल्यासारखी पाठ केली जाते. आपल्याकडे नाट्यपदांत हे जुनंच आहे. कुणा बुवांनी एका रात्री घेतलेली जागा पुढच्या पिढीला चालीचाच भाग वाटू लागते, आणि ती घेतली नाही तर श्रोतेच म्हणतात, अहो, एक ओळ राहिली.

माझ्याकडे तयारीला येणाऱ्या मुलींचंही हेच होतं. शेवटच्या मुखड्यावर महिनाभर घाम गाळतात आणि पहिलं कडवं उरकून टाकतात. व्हिटनीचा दणका लागू पडतो तो आधीची तीन मिनिटं तिने आवाज राखून ठेवला म्हणून. जो सुरुवातीलाच सगळं खर्चून बसतो त्याच्या दणक्याला फक्त आवाज असतो.

सगळीच गाणी अशी बदलत नाहीत, म्हणून दोन-तीन वेगळे नमुने भराभर सांगतो. 'मूळ तेच चांगलं' असं मानणाऱ्या तुमच्या गिटारवाल्यासाठी 'ट्विस्ट अँड शाउट'. 1961 मध्ये टॉप नोट्स या जोडीने ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, निर्माता होता तरुण फिल स्पेक्टर. गाण्याच्या दोन गीतकारांपैकी बर्ट बर्न्सला ते रेकॉर्डिंग मुळीच आवडलं नाही. पुढच्या वर्षी आयस्ली ब्रदर्सकडून त्याने ते स्वतः करून घेतलं आणि गाणं सापडलं. बीटल्सनी 11 फेब्रुवारी 1963 ला दिवसभराच्या रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी, लेननचा घसा बसलेला असताना ते एका दमात म्हटलं. त्यांनी धरलेलं बोट आयस्लींचं होतं, टॉप नोट्सचं नव्हे. पहिलं रेकॉर्डिंग म्हणजे गाणं नव्हे, तेही एक सादरीकरणच, आणि कधी कधी फसलेलं.

'रिस्पेक्ट'मध्ये बोलणारं माणूसच बदललं. ऑटिस रेडिंगच्या 1965 च्या गाण्यात पैसे कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. अरीथा फ्रँकलिनने 1967 मध्ये तेच बाईच्या तोंडी घेतलं. आज सगळ्यांना आठवतो तो शब्दाची अक्षरं सुटी सुटी म्हणण्याचा भाग, तो रेडिंगच्या गाण्यात नाहीच. तो तिच्या बाजूने आला. आता कुणी ती अक्षरं गाळून 'रिस्पेक्ट' म्हणून बघा.

आणि 'हालेलुया'. लेनर्ड कोहेनने 1984 मध्ये ते रेकॉर्ड केलं. त्याच्याकडे या गाण्याची कडवी ढिगाने होती. 1991 मध्ये जॉन केलने त्याच्याकडून ती मागवून घेतली, त्यातली आपल्याला हवी ती निवडली आणि पियानोवर म्हटली. 1994 मध्ये जेफ बकली निघाला तो केलच्या निवडीपासून, आणि आज गिटार घेऊन बसणारा प्रत्येक मुलगा बकलीपासून निघतो. चालीला कुणी हात लावला नाही, पण कोणती कडवी ठेवायची हे ठरवणाऱ्याने गाणं ठरवलं.

थोडं पैशाचं आणि कायद्याचं, कारण बदलाला तिथूनही लगाम बसतो. व्हिटनीच्या खूप आधी एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणं हवं होतं, पण त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्करने निम्मे प्रकाशन हक्क मागितले आणि डॉली पार्टनने नकार दिला. म्हणून 1992 मध्ये गीतकार-संगीतकार म्हणून येणारा पैसा तिला मिळाला. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली रॉयल्टी भरून कुणालाही रेकॉर्ड करता येतं, आपल्या ढंगात बसवताही येतं, फक्त मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलायचा नाही. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम 31सी बरंच कडक आहे. पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर 5 कॅलेंडर वर्षं थांबायचं, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत किंवा चालीत फेरफार करायचा नाही. हे रेकॉर्डिंगपुरतं झालं. मंचावरच्या कार्यक्रमाचा परवाना हा वेगळा विषय, तो कॉलेजच्या आयोजकांना बघू द्या. व्हिडिओ टाकायचा विचार असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा.

आता तुमच्या बँडकडे येतो. मी कुठलंही कव्हर घेतलं की पहिल्या बैठकीत वाद्यं उघडतच नाही. सर्वांत जुन्या रेकॉर्डिंगवरून फक्त चाल, शब्द आणि कॉर्ड कागदावर उतरवतो. मग पुढची प्रत्येक आवृत्ती ऐकत शेजारी लिहितो, हे कुणी घातलं, ते कुणी काढलं, आणि का. 'का'समोर मला काही लिहिता आलं नाही तर ती गोष्ट मी उचलत नाही. तुमच्या कागदावर असं दिसेल: बोललेलं कडवं डॉलीचं, ते गायलेलं व्हिटनीचं. साथीशिवाय सुरुवात चित्रपटातल्या प्रसंगासाठी. सॅक्सोफोन चित्रपटातल्या प्रेमकथेसाठी. पट्टी बदलणं त्या एका गळ्यासाठी. यातलं तुमच्या समारंभाचं काय आहे?

मला विचाराल तर फारसं काही नाही. तुम्ही कॉलेज सोडून निघालाय, समोर ज्यांनी शिकवलं ते बसणार आहेत, आणि गाणार आहे जाणारी मुलगी. 1973 मध्ये डॉली पार्टन पोर्टर वॅगनरसमोर नेमकी याच जागी उभी होती. तुमचा गिटारवाला बरोबर बोलतोय, फक्त त्याचं कारण चुकलंय. ते पहिलं आहे म्हणून घेऊ नका, प्रसंग तोच आहे म्हणून घ्या. पण डॉलीचा अमेरिकी दक्षिणेतला उच्चार, तिचं बारीक कंप देणं, यांची नक्कल नको. तीही एक हरकतच झाली.

पट्टी ठरवताना गायिकेला पहिली ओळ आधी बोलायला सांगा, गायला नाही. बोलताना आवाज जिथे बसतो त्याच्या आसपास पहिलं कडवं पडलं पाहिजे, मग सफेद पाच येवो की काळी तीन. सॅक्सोफोन तुमच्याकडे नाही, तर त्या जागी कीबोर्डवर सॅक्सचा टोन लावून पीस वाजवू नका. हे मी हात जोडून सांगतो. तो पीसच काढा. दुसऱ्या मुखड्यानंतर फक्त गिटार ठेवा, ठेका थांबवा.

शेवटच्या कडव्यासाठी दोन पर्याय तालमीत करून बघा. एकात गायिका ते बोलेल. इंग्रजीत असं बोलताना संकोच वाटत असेल तर दुसरा: कडवं गायचं, पण एकाच स्वराभोवती, बोलल्यासारखं, आणि लय गिटारवाल्याने तिच्या मागोमाग न्यायची, पुढे ओढायची नाही. तुमच्या कीबोर्डवाल्याला 'वेगळं' हवंय ना, त्याला या कडव्याखाली एक लांब कॉर्ड धरून गप्प बसायला सांगा. कीबोर्डवाल्यासाठी याहून अवघड काम नाही, अनुभवाने सांगतो. शेवटचा मुखडा त्याच पट्टीत ठेवा आणि बाकीच्यांनी तिथे हलक्या आवाजात साथीला यावं. वर्गातलेच मित्र आहात, गळे तयार नसले तरी चालतील.

दोन्ही प्रकार मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, आणि बँडबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला न सांगता ऐकवा. ती 'व्हिटनीचं गाणं का म्हटलं नाही' म्हणाली तर मुखडा ऐकून म्हणाली की पहिलं कडवं ऐकून, ते विचारा. मुखड्यावर म्हणाली असेल तर काळजी नको, ते ऐकणाऱ्याच्या कानातलं आहे. पहिल्या कडव्यावर म्हणाली असेल तर गायिका अजून व्हिटनीचंच कव्हर करतेय. पट्टी अर्धा स्वर खाली घ्या आणि ते कडवं पुन्हा बोलण्यापासून सुरू करा.